काठापासून तळापर्यंत

नंदे, गडी तुझ्यासाठी खड्डा खणत होते तेव्हा माझं लक्ष रडण्यात नव्हतं, मातीत होतं. वरची तीन हात काळीभोर, ना खडा ना मुळी. तुमच्याच रानात, विहिरीच्या अंगाला अशी माती पडून आहे आणि आपण दोघी बारा वर्षं गोण्या घेऊन देवणी-निलंग्यापर्यंत बांध हुडकत हिंडलो, याचा मला एकदम संताप आला. तुला सांगावं म्हणून मी वळले. तू खुर्चीत बसलेली होतीस, कपाळभर विभूती, गळ्यात बेलाचा हार, डोळे मिटलेले. मग मात्र मला आवरलं नाही.

आमच्यात जाळतात. तुम्हा लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवतात आणि मातीत ठेवतात हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण एवढ्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं. स्वामी मंत्र म्हणत होते, एकेक जण पुढे होऊन मूठभर माती देत होता. माझी पाळी आली. मी एक मूठ तुला दिली आणि वाकल्यावाकल्या दुसरी मूठ उचलून दस्तीत, हातरुमालात, बांधली. चोरूनच म्हण. पण तुझ्या थोरल्या भावाच्या नजरेतून काही सुटतं का? परत येताना बसूअण्णांनी विचारलंच, "सुमन, दस्तीत काय बांधलीस?"

"माती."

"कशाला गं?"

"ते नंदाला विचारा."

अण्णांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझी बातमी आली. 'देवणीवाल्या बाईंचं निधन.' तुझं नाव खाली, बारीक अक्षरात. तू असतीस तर पेपरचा चुरगळा करून पहिल्यांदा माझ्याच अंगावर फेकला असतास, कारण ते नाव तुला चिकटलं ते माझ्यामुळे. आता महिना होत आला तुला जाऊन. हे सगळं मला तुझ्याशी एकदा बोलून टाकायचं आहे. तू मध्ये तोंड घालणार नाहीस, एवढी एकच सोय.

तू उदगीरच्या डाळमिलवाल्यांची लेक, मी देवणीजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची. शाळेत एका बाकावर बसलो आणि ते बसणं चाळीस वर्षं पुरलं. मी लग्न करून रानात गेले, तू चिनी मातीचं काम शिकायला गुजरातेत. तुझ्या घरच्यांना वाटलं, पोरगी कपबशांचा कारखाना काढणार. तू कितीतरी वर्षं इथंतिथं लोकांच्या भट्ट्या सांभाळल्यास आणि परत आलीस तेव्हा मिल बंद पडलेली होती. यंत्रं गेलेली, नुसतं पत्र्याचं शेड उरलेलं. तिथं तू चाक बसवलंस, गॅसची भट्टी बसवलीस, आणि मला निरोप धाडलास की हात मोकळे असतील तर माती मळायला ये. हात काही मोकळे नव्हते. तरी आले.

पहिल्या दिवशी गुजरातेतून पांढऱ्या मातीच्या गोण्या उतरत होत्या. तुझी आई, अव्वा, दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "मण्णु इकत आणलीस व्हय गं? मण्णु तर हितं पायाखाली पडलंय." कानडीत मातीला मण्णु म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. म्हातारी चेष्टा करत होती. तू ती चेष्टा मनाला लावून घेतलीस. गुजरातेत तुझ्या सरांनीही सांगितलं होतं ना, की काळी माती कापसाला चांगली, भांड्याला नाही. त्यांच्याशी तू वाद घातला नव्हतास. तुझी रीतच ती. जिच्याशी वाद घालायचा तिला, म्हणजे मला, चहा पाजायचीस, बाकीच्यांना नमस्कार.

लातूरचं पहिलं प्रदर्शन आठवलं की मला अजून हसू येतं. शिकवणीच्या क्लासला पोरं सोडून वेळ काढायला आलेले आईबापच जास्त. जो येईल तो भांडं उचलायचा आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघायचा, बाजारात माठ घेताना वाजवतात तसं. तू दर वेळी डोळे मिटून घ्यायचीस. शेवटी धोतरवाले एक आजोबा आले. तुझी सगळ्यांत सुंदर सुरई त्यांनी वाजवली, उलटी केली, आत डोकावले आणि म्हणाले, "बाई, पाणी गार ऱ्हातं का यात?"

तू समजावून सांगितलंस. वरून काचेसारखी झिलई असते, तिनं भोकं बुजतात, पाणी झिरपत नाही, म्हणून गार होत नाही.

"मग इचा उपयोग काय?"

"बघायचं, आजोबा."

"मडक्यात काय बघायचं?"

मी तोंडाला पदर लावून हसले. तेही एक वेळ तू सोडलं असतंस, पण मी म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. पाणी गार करत न्हाई ते भांडं कसलं?" त्यावर एसटीत तू माझ्याकडे पाठ करून बसलीस. हा आपला पहिला वाद आणि तो कधीच मिटला नाही. दर उन्हाळ्यात मी तो काढायचे आणि दर उन्हाळ्यात तू चिडायचीस.

पण त्याच एसटीत, गाव जवळ आल्यावर, तू खिडकीतून बाहेर बघत अचानक बोललीस. उन्हाळ्याची उघडी रानं होती, भेगाळलेली. "सुमे, मी ह्या मातीची झिलई करते. भांडं पांढऱ्या मातीचं असू दे. पण त्याच्या अंगावर आपली माती पाहिजे. काठापासून तळापर्यंत." मी म्हणाले, बरं. मला काय माहीत ते बरं म्हणणं बारा वर्षांचं आहे.

वितळायचं काम माती छान करायची. तुराट्यांची राख घालून पुरेसा जाळ दिला की काकवीसारखी पाघळायची, तशीच काळी-तांबडी दिसायची. अडचण त्याच्या आधीची होती. झिलई भांड्याला लावली की वाळताना ती आकसायची. आपल्या रानात एप्रिलात पाऊल जाईल एवढी भेग पडते, तीच भेग तुझ्या वाडग्यावर पडायची. मग भट्टीत भेगेच्या दोन्ही कडा मागे सरकायच्या आणि मधे पांढरं अंग उघडं. "रंग पळाला," तू म्हणायचीस. भट्टी उघडायची, पळालेला रंग बघायचा, दुसरा बांध हुडकायचा. मी जुन्या लुगड्यातून गाळून गाळून बेजार झाले. एकदा तर म्हणाले, "ही माती भेगाळणारच. तिचा सोभावच हाय तो. तू कशाला तिला सरळ करून राहिलीस?" तू म्हणालीस, "मला तिनं सरळ व्हायला नको. मला तिनं टिकायला पाहिजे."

आणि मग ते मी केलं.

शेडमध्येच आपण भांडी मांडली होती, बाजारचा दिवस होता. बिघडलेली भांडी तू मेजाखाली सरकवून ठेवलेली, वरून पोतं. तू हात धुवायला गेलीस. मी पोतं काढलं आणि ती सगळी वर मांडली. का ते विचारू नकोस. मला ती आवडायची. तेवढ्यात डोक्याला रुमाल बांधलेला एक शेतकरी आत आला. मोठा वाडगा त्यानं दोन्ही हातांनी उचलला. पांढरं अंग, त्यावर काळे डाग, कडा गोलसर. तो ओरडलाच, "आरं, ही तर आपली देवणी गाय हाय की! डागाची शेवरा! ह्ये बघ कपाळ, ह्यो कान!" बाहेर उभ्या असलेल्या चार जणांना त्यानं हाक मारली. पाठीवर डाग असलेली जनावरं ज्यांच्या गोठ्यात तीन पिढ्या आहेत, ती माणसं तुझी भांडी हातात घेऊन वंशावळ सांगायला लागली. तू ओले हात पुसत आलीस तोवर मेज रिकामं झालं होतं.

मी केवढी खूश होते. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तुझं घरातलं काहीतरी चव्हाट्यावर नेऊन टाकलंय.

"सुमे, तू माझी चूक इकलीस."

बस, पुढची सगळी वर्षं त्यातच गेली. पुण्याहून माणसं आली, बेंगळुरूहून आली. 'देवणी' वाडगे, 'देवणी' सुरया. शेड चालवायचं होतं, म्हणून तू ते करत राहिलीस आणि लोक तुला देवणीवाली बाई म्हणत राहिले. पण त्यातल्या एकाही भांड्याखाली तू नाव कोरलं नाहीस. तुझ्या धंद्यातले सगळे तळाशी आपलं नाव घालतात, तुझे तळ कोरे. कुणी विचारलं की हसून म्हणायचीस, "देवणी कुठं सही करती?" ते हसायचे. माझ्याशी मात्र खरं बोलायचीस. "चुकीवर सही करत न्हाई मी. ज्या दिवशी रंग काठापासून तळापर्यंत बसंल, त्या दिवशी."

मी म्हणायचे, चूक कसली, लोकांनी आपली गाय ओळखली, याहून मोठं बक्षीस कुणाला मिळालंय? तू म्हणायचीस, ते बक्षीस गाईला मिळालं. मग मी आवाज चढवायचे.

नांदेडच्या प्रदर्शनासाठी तू तीस वाडगे केलेस ते तुझं चाकावरचं शेवटचं काम. एकदा भाजून, वर झिलईसाठी तयार करून, फळीवर ठेवलेस आणि त्यावर चादर टाकलीस. "हात लावू नको. झिलईच्या दिवशीच काढ." मग तुझ्यानं बसवेना, आणि तुझी खाट अव्वाच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी आली.

तो दिवस मी रोज आठवते. मी थालीपिठाची भाजणी करत होते. ज्वारी, बाजरी, डाळी एकेक करून कढईत परतत होते. तू पडल्या पडल्या बघत होतीस.

"सुमे, न भाजताच दळलं तर?"

"कच्चट लागतं. अन् थापताना चिरतं."

तू कोपरावर उठलीस. कितीतरी दिवसांत उठली नव्हतीस. "माती भाजली तर?"

"भाजून काय, खाणार हायस?"

"हसू नको. भाजलेली माती आकसत न्हाई. सगळी भाजली तर चिकटणार न्हाई. निम्मी भाजायची. निम्मी कच्ची." तुझे डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली. "बारा वर्षं झाली गं. दर दिवाळीला चकलीची भाजणी, तुझ्यासमोर कढई, माझ्यासमोर कढई. दोघी येड्या."

मी म्हणाले, बरी झालीस की करू. तू म्हणालीस, मी बरी व्हायची वाट बघू नको. आणि मला राग आला, नंदे. मी कढई आपटली आणि म्हणाले, असलं अभद्र बोलायचं असेल तर मी चालले. गेलेही. खरं तर एवढंच म्हणायचं होतं की हो, मी करते. तेवढं मी तुला म्हटलं नाही. पुढचे आठ दिवस मी येत राहिले, तुझे पाय दाबत राहिले, मातीचा विषय काढला नाही. मला वाटायचं, विषय निघाला नाही तर तू थांबशील. माझा मूर्खपणा तुला काही नवा नाही.

तू गेल्यावर दहाव्या दिवशी बसूअण्णा शेडमध्ये आले. "सुमन, नांदेडवाल्यांचा फोन होता. त्यांना देवणी पाहिजे. लोकांनी तिला त्याच्यानंच ओळखलं. ते तीस वाडगे तसेच करून टाक. तिचं नाव ऱ्हाईल." मला पटलं. माझं तर पहिल्यापासून तेच म्हणणं होतं. तुझ्या भाजलेल्या मातीचा काय भरवसा? एकदाही करून बघितलेली नाही. तीसच्या तीस वाया गेले तर तुझ्या हातचं दुसरं काही उरलं नव्हतं. मी नेहमीसारखी कच्ची माती कालवली, राख घातली, बादली तयार केली. चादर काढली. पहिला वाडगा तळाला धरून बुडवायचा म्हणून उलटा केला.

तळाशी 'नंदा' असं कोरलेलं होतं.

मी दुसरा उलटा केला. तिसरा. मग खालीच बसले आणि एकेक करून तीसही उलटे केले. सगळ्यांवर तुझं नाव, ओल्या मातीत सुईनं कोरलेलं, शाळेच्या वहीवर काढायचीस तशा घोटीव अक्षरात. ओल्या मातीत म्हणजे चाकावरून उतरवल्या उतरवल्या. तेव्हा तुला भाजणीची युक्ती सुचलीही नव्हती! कसं करायचं हे ठाऊक नसताना, चाकावर धड बसवत नसताना, तू तीस वेळा सही करून मोकळी झाली होतीस. ह्या खेपेला रंग बसणार, हे ठरवूनच. अगं बये! मी तिथं एकटी मोठ्यानं हसले आणि मग मोठ्यानं रडले.

बादली मी लिंबाखाली ओतून दिली.

माती कढईत भाजून भागणार नव्हतं. मडक्यांत भरून भट्टीतच लाल होईपर्यंत भाजली. काळ्याची विटकरी झाली. दस्तीतली मूठही मी वेगळी सोडवली, तिचीही निम्मी भाजली, आणि तिसांतल्या सगळ्यांत लहान वाडग्यापुरती झिलई कालवली. बाकीच्यांना तुमच्याच विहिरीकडची माती. झिलई लावून वाडगे वाळत ठेवले आणि स्टूल घेऊन समोर बसले. एक तास. दोन तास. एकही चीर नाही. अण्णा आले. भेगेचा मागमूस नाही हे बघून म्हणाले, "हे काय करून राहिलीस? देवणी कुठं हाय?" मी एक वाडगा उलटा करून त्यांच्या हातात दिला. ते गोणीवर बसले. अंगठ्यानं तुझं नाव वाचल्यासारखं चाचपत राहिले. "कर मग," म्हणाले.

भट्टी एकटीनं लावायची माझी पहिलीच वेळ. पहाटे पेटवली. भोकातून आत बघायचं काम कायम तुझं असायचं, मी फक्त "झालं का, झालं का" विचारायचे. या वेळी विचारायला कुणी नव्हतं आणि सांगायलाही. दिवेलागणीच्या आत बंद केली, आणि पुढचे दोन दिवस ती निवेपर्यंत माझ्या घरात कुणाला धड जेवण मिळालं नाही.

उघडली त्या सकाळी अव्वा काठी टेकत आली, तिच्यासाठी खुर्ची टाकली. मी दार ओढलं.

नंदे, बसला! रंग बसला गं! काठावर तांबूस, पोटावर काळाभोर, खालपर्यंत एकसंध, आणि उन्हात धरला की आतून काकवीचा रंग. दोन वाडगे भट्टीतल्या फळीला चिकटले, ती माझी चूक, तळाची झिलई नीट पुसली नव्हती. बाकी अठ्ठावीस एकाला एक सरस. मी एक अव्वाच्या मांडीवर ठेवला. तिला आता कमी दिसतं. तिनं अंगठा काठावर ठेवला आणि हळूहळू खाली नेला, फिरवला, पुन्हा वर आणला, पुन्हा खाली. चीर हुडकत होती. बराच वेळ हुडकली. मग म्हणाली, "एल्लू बिट्टिल्ल." कुठंच सोडलं न्हाई. आणि वाडगा छातीशी धरून बसली, तो आम्ही अजून तिच्याकडून परत घेतलेला नाही.

नांदेडला मी आणि अण्णा गेलो. लोक देवणी बघायला आले होते. एकानं विचारलंच, "डागवाली गाय कुठं हाय?" मी म्हणाले, "गाय जिथं चरती ते रान हाय हे." तो वाकून बघायला लागला, मग त्यानं ती काळी पाठ हातानं चोळून बघितली. एका बाईनं वाडगा उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, "नंदा." मग शेजारचीनं दुसरा उलटा केला, तिनंही वाचलं. दुपारपर्यंत तो हॉल तुझ्या नावानं भरून गेला होता. देवणीवाली बाई असं दिवसभरात कुणी म्हणालं नाही. अण्णा दाराशी उभं राहून प्रत्येकाला सांगत होते, माझी धाकटी बहीण. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी हरले, नंदे. बारा वर्षांचा वाद हरले आणि इतकी खूश आहे की कुणी बघितलं तर म्हणेल, हिचं डोकं फिरलं. डागांची भांडी मला अजूनही आवडतात, ते मी सोडणार नाही. पण ती आता पुन्हा केली तर मुद्दाम करीन, आणि खाली माझं नाव घालीन. तुझ्या नावाला आता काठापासून तळापर्यंतच लागतं.

तो सगळ्यांत लहान वाडगा, दस्तीतल्या मुठीचा, मी नांदेडला नेला नव्हता. तो माझ्या घरी आहे, पाण्याच्या हंड्याशेजारी. आत्ता हे लिहिता लिहिता तहान लागली म्हणून उठले. सकाळी त्यात भरून ठेवलेलं पाणी तसंच होतं. एक थेंब झिरपला नव्हता, एक चीर नव्हती. सगळं पाणी प्यायले. कोमट होतं, नंदे. अगदी कोमट. लातूरच्या आजोबांचा तेवढा वाद मी जिंकलेय, आणि आता तू काहीही म्हण.